एकशे बत्तीस अक्षरांचा सूड

मी कुणाचं वाईट चिंतत नाही असं म्हणणारा माणूस एकतर संत असतो, नाहीतर त्याची स्मरणशक्ती गेलेली असते. माझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे. ज्यानं माझे खिळे गोणीत ओतले त्याच्या शर्टाचा पोपटी रंग मला आठवतो, ओतताना तो चघळत असलेली बडीशेप आठवते, आणि गोणीत पडताना झालेला आवाजही आठवतो. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. माझ्या पोटात त्या गारा पुढे दहा महिने वितळल्या नाहीत.

मी तेव्हा परभणीत एका छापखान्यात कंपोझिटर होतो. आता कंपोझिटर म्हणजे काय हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर. लाकडी केसमध्ये साडेचारशे घरं, प्रत्येक घरात एका अक्षराचे खिळे. डाव्या हातात स्टिक नावाची लोखंडी पट्टी धरायची आणि उजव्या हातानं खिळे उचलून ओळ जुळवायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, म्हणून आम्ही उलटं वाचायचो. वीस वर्षांत माझा डोळा इतका उलटा झाला होता, की एस.टी.च्या काचेवरची पाटी आतून उलटी दिसते ती मी एका झटक्यात वाचायचो, आणि तीच पाटी बाहेरून वाचायला मला थांबावं लागायचं. त्या नादात दोन वेळा जिंतूरच्या गाडीत बसून मानवतला जायचं राहिलं. हात इतके पटाईत, की डोळे मिटून खिळा उचलला तरी बोटाला कळायचं हा 'क' आहे की 'फ'. चुडाव्याहून रोज पॅसेंजरनं यायचो. गाडी दोन तास उशिरा आली तरी माझं पान गाडीत बसलेल्यांच्या आधी छापून व्हायचं, असं आमच्या गावात बोलतात. बोलतात म्हणजे मीच बोलायचो, बाकीचे ऐकायचे.

आणि ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. सोळा वर्षं मी ती पत्रकं जुळवली. सकाळी 'झालंच पाहिजे'वाले यायचे, दुपारी 'होऊ देणार नाही'वाले. खिळे तेच. मधे फक्त रॉकेलनं धुवायचे. 'नामांतर' या शब्दातले खिळे इतके झिजले की मालकांना त्यांचीच दोनदा नवी भरती मागवावी लागली, बाकी केस जुनीच राहिली. त्या वर्षांत खेड्यांमध्ये जी घरं जळाली, जी माणसं गेली, त्याबद्दल थाप मारायची माझी हिंमत नाही. ते सोडून बाकी सगळ्याबद्दल मारतो, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात हवा बदलली. नावाचं आता काहीतरी होणार हे पानवाल्यालाही कळायला लागलं होतं. नाव बदललं की कॉलेजांना नवे लेटरहेड लागणार, पाकिटं लागणार, शिक्के लागणार. आमचे मालक डोक्यानं तेज. त्यांनी संगणक घ्यायचं ठरवलं, तोही मराठी अक्षरांचा. आणि तो बसवायला शहरातून आला मालकांचा साला. मालकीणबाईंचा धाकटा भाऊ, इंजिनिअर, पोपटी शर्ट.

आल्या दिवशी त्यानं छापखाना असा बघितला जसा गुरांचा डॉक्टर मेलेली म्हैस बघतो.

"दाजी, टेबल कुठं ठेवायचं? हे लाकडी कपाट काढा की."

"ते कपाट न्हाई," मी म्हणालो. "केस हाय. अक्षरं हायेत त्यात."

"ए खिळेवाले, अक्षरं आता ह्या पेटीत आहेत," तो म्हणाला. आणि मी 'थांबा' म्हणेपर्यंत त्यानं वरची केस उचलून गोणीत उलटी केली. मग दुसरी. मग तिसरी. मराठीची चारही. साडेचारशे घरांमधला एकेक खिळा दुसऱ्यात मिसळला. गव्हात ज्वारी, ज्वारीत मूग, मुगात मोहरी असं पोतंभर करून कुणी म्हणावं की आता निवडा, तसं.

मालक दारात सुपारी कातरत उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आता ओतलंच हाय तर असू दे. हे बघ, संगणकावर कॉलेजचं काम निघालं की गोणी भंगारात, आन् तू चुडाव्याला. न्हाई निघालं तर बघू."

म्हणजे काय होणार ते त्याच क्षणी ठरलं. यंत्र चाललं तर मी गेलो आणि माझे खिळेही गेले. ट्रेडल मशीन चालवणारे आमचे चाचा माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "रो मत रे. मशीन आई तो मशीन का नखरा भी आता."

नखरा तिसऱ्या दिवशी आला.

त्या पेटीत इंजिनिअरनं दोन संसार मांडले होते. एक मराठी अक्षरांचा, एक इंग्रजी कामांचा. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, म्हणून दोन वेगळ्या खोल्या. यंत्र चालू केलं की आधी एक यादी यायची, कुठल्या खोलीत जायचं ते विचारणारी. ती यादी त्यानं शहरात, स्वतःच्या मोठ्या रंगीत पडद्यावर बसून तयार केली होती. अगदी बारीक, सुबक. पहिल्याच दिवशी मला खिजवायला म्हणाला होता, "तुमच्या त्या स्टिकमध्ये किती अक्षरं बसतात? माझ्या मेनूत एका ओळीत एकशे बत्तीस बसतात." पण परभणीला आणली फक्त पेटी. पडदा मालकांनी इथंच घेतला, लहान, काळा-पांढरा.

बटण दाबलं. पेटीनं शीळ घातली. पडद्यावर यादीच्या जागी तिरप्या पट्ट्या आल्या. नुसत्या आल्या नाहीत, धावायला लागल्या. डावीकडून वर, उजवीकडून खाली. त्यात मधेच अक्षरांची शेपटं, कान, पाय.

चाचांनी चष्मा पुसला. "अरे, ये तो मेरी लुंगी दिखरी रे बाबा!"

इंजिनिअर म्हणाला, "व्होल्टेज." स्टॅबिलायझर आला. पट्ट्या तशाच. मग म्हणाला, "धूळ." आम्हा सगळ्यांच्या चपला बाहेर. तरी तशाच. मग म्हणाला, "उष्णता." जानेवारी महिना, परभणीत सकाळी लोक शेकोटीला बसायलेत, आणि आमच्या छापखान्यात कूलर लावला. शाई इतकी घट्ट झाली की चाचांनी ती सुरीनं कापून रोलरवर लावली. यात फार वाढवलेलं नाही. मग टी.व्ही. दुरुस्त करणारा आला, त्यानं मागचा एक स्क्रू फिरवला, तशा तिरप्या पट्ट्या सोडून सगळं चित्र खालून वर फिरायला लागलं. एक गिऱ्हाईक लग्नपत्रिकेची चौकशी करायला आलं होतं, ते पडद्याकडे बघता बघता खुर्चीवरून घसरलं, आणि शुद्धीवर आल्यावर लग्न पुढं ढकलतो म्हणालं.

यादी दिसत नसली तरी तिचं काम चालूच होतं. दहा सेकंद वाट बघून ती आपण होऊन कुठल्या तरी खोलीत जायची. कधी मराठीत, कधी इंग्रजीत. मराठीत गेली की इंजिनिअर आनंदानं दोन ओळी करायचा, की परभणीची वीज जायची. पुन्हा चालू केलं की पुन्हा लुंगी.

शेवटी त्याला कारण सापडलं. मी.

"दाजी, शिसं. शिशाचे कण हवेत उडतात, पडद्यात जाऊन बसतात. हा माणूस दहा फूट लांब पाहिजे."

मालकांनी खडूनं गोल काढला. छापखाना आमचा असा, की दहा फूट मोजले की भिंत संपून रस्ता लागतो. म्हणजे मी ओट्यावर, गटारीच्या कडेला, बसून इंग्रजीची उरलेली केस मांडीवर घेऊन व्हिजिटिंग कार्डं जुळवायलो. येणारेजाणारे विचारायचे, "काय वो, काढलं काय?" मी म्हणायचो, "न्हाई, हवा खायलोय." आणि मनात एकच. या पोपटाला मी त्याच्याच पिंजऱ्यात बसवीन आणि डाळ माझ्या हातानं घालीन.

समोर भज्यांचा गाडा होता. दुपारी भजी घेतली. आता ही कंपोझिटरची खोड आहे, छापलेला कागद हातात आला की तो वाचल्याशिवाय टाकायचा नाही. तेलानं कागद आरपार झाला होता, मागच्या पानावरची अक्षरं पुढून उलटी दिसत होती. आणि उलटी अक्षरं म्हणजे माझं माहेर. इंग्रजी मला बोलता येत नव्हतं, पण जुळवता यायचं, आणि आकडे तर कुठल्याही भाषेत आकडेच. ते आमच्याच पडद्यासोबत आलेलं माहितीपुस्तक होतं. खोक्याबरोबर रद्दीत गेलं, रद्दीतून भज्यांत. त्यावर लिहिलं होतं, की या पडद्यावर ओळीत अक्षरं ऐंशी, ओळी पंचवीस. त्याहून जास्त दिली तर चित्र ठरणार नाही.

ऐंशी! आणि हा शहाणा एकशे बत्तीस कोंबायलाय.

ज्याला स्टिक माहीत आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. ओळीची रुंदी ठरलेली असते. त्यात बसतील तेवढेच खिळे बसतात. जास्त कोंबले तर ओळ फुगते, पानाची चौकट म्हणजे फर्मा आवळताना खिळे उडतात, पान विस्कटतं. पडदाही तसाच विस्कटला होता. त्यात व्होल्टेज नव्हतं, धूळ नव्हती, शिसं तर अजिबात नव्हतं. यादीच्या बारीक मापाला तेवढा पडदा नव्हता, बस. इंजिनिअरनं एका फाईलीतल्या एका ओळीत एकशे बत्तीसच्या जागी ऐंशी लिहिलं असतं तर लुंगी तिथल्या तिथं गायब झाली असती. पण त्यानं जगातलं सगळं तपासलं, फक्त स्वतःची ओळ तपासली नाही. कारण ती त्याची होती.

मी तो कागद चाटून पुसून घडी करून खिशात ठेवला. सांगितलं? छे. तुम्ही सांगितलं असतं?

त्याच्या उलट मी दुसरंच शिकायला लागलो. दुपारी इंजिनिअर वर माडीवर बहिणीच्या हातचं जेवून घोरायचा. मालक बँकेत. चाचा दारात पहाऱ्याला उभे राहायचे आणि मी खडूच्या गोलात पाय ठेवायचो. यादी दिसत नाही, ठीक आहे. पण मला खिळे तरी डोळ्यांनी कुठं दिसायचे? बोटांनी दिसायचे. पहिल्या दिवशी खाली बाण एकदा दाबला, एंटर मारलं, मराठी निघालं. दुसऱ्या दिवशी तेच केलं, इंग्रजी निघालं. चाचा म्हणाले, "तेरा हाथ बदला या उसका दिमाग?" तिसऱ्या दिवशी कळलं, की यादी गेल्या वेळी जिथं सोडली तिथंच थांबते. पुढच्या वेळी तिथूनच मोजायला लागते. म्हणून इंजिनिअरचं कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं, आणि तो कीबोर्डला शिव्या घालायचा.

आता कंपोझिटरला कुणी विचारावं. ओळ सुरू करताना पहिला खिळा स्टिकच्या कडेला टेकवायचा असतो. कडेला न टेकवता मोजायला लागलात की सगळं माप गेलं. मी वरचा बाण दहा वेळा दाबला. यादी कुठंही असो, वरच्या कडेला जाऊन टेकली. मग खाली एकदा. एंटर. मराठी. पुन्हा केलं. मराठी. पंधरा वेळा केलं, पंधरा वेळा मराठी. चाचांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझ्या खिशातले तीन इंग्रजी खिळे उडून रस्त्यावर पडले.

संक्रांतीला नावाचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका कॉलेजचे हेडक्लार्क आमच्या दारात हजर. त्यांना नव्या नावाचे लेटरहेड पाहिजे, चार दिवसांत, आणि मालकांनी महिनाभर गावभर सांगितल्याप्रमाणे, संगणकाच्या अक्षरात.

"नमुना दाखवा," ते म्हणाले.

इंजिनिअरनं बटण दाबलं. लुंगी आली. दहा सेकंद. इंग्रजी. पुन्हा बंद, पुन्हा चालू. लुंगी. इंग्रजी. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून बाण दाबले, तो कुठंतरी तिसरीकडेच गेला, पेटी किंकाळी फोडल्यासारखी वाजली आणि थांबली. हेडक्लार्कांनी घड्याळ बघितलं. मालकांच्या कपाळावर, जानेवारीत, कूलरसमोर, घाम.

"नसंल जमत तर नांदेडला करून घेतो," हेडक्लार्क म्हणाले.

मी ओट्यावरून उठलो. सोळा वर्षं ज्या नावासाठी खिळे झिजवले ते नाव नांदेडला छापायचं? आणि खरं सांगतो, नावाचा विचार मला नंतर आला. आधी पोपटी शर्ट दिसला.

"मालक, गोलात येऊ काय?"

"ये, ये! जमतंय का तुला?"

मी हात धुतले नाहीत. मुद्दाम. शिशानं काळी झालेली बोटं सगळ्यांना दाखवत खुर्चीवर बसलो. पट्ट्या धावायला लागल्या. मी पडद्याकडे बघितलंच नाही, हेडक्लार्कांकडे बघत हसत राहिलो आणि बोटं चालवली. वर दहा, खाली एक, एंटर. मराठी उघडलं. पांढऱ्या पडद्यावर काळी, सुंदर, सुलटी अक्षरं.

"कसं केलं?" इंजिनिअरचा आवाज चिरका निघाला.

"शिशाची करामत," मी म्हणालो.

हेडक्लार्क खूश. काम दिलं आणि गेले. ते गेल्यावर मी यंत्र बंद केलं.

"बंद कामून केलं?" मालक ओरडले.

"मालक, चार दिस वीज जाणार, येणार. दर बारीला मराठी उघडावं लागंल. मी उघडतो. पण अट हाय. माझे खिळे ज्यानं ओतले, त्यानंच परत घरात लावायचे. एकेक. गोणी रिकामी होईस्तोवर."

इंजिनिअर हसला. "वेडे आहात का? हजारो आहेत ते."

"लय हायेत," मी म्हणालो. "म्हणून तर सांगायलोय, आताच बसा."

"दाजी, ह्या माणसाला बाहेर काढा!"

मालक एकदा माझ्याकडे, एकदा साल्याकडे बघत होते. बायकोच्या भावाला काय बोलावं हे कुठल्याच मालकाला शेवटपर्यंत समजत नाही. तेवढ्यात जिन्यावरून मालकीणबाई उतरल्या. हातात पिठाचं भांडं. त्यांनी सगळं वरून ऐकलं होतं.

"आरं ए शहाण्या," त्या भावाला म्हणाल्या, "तीन आठवडे झाले माझ्या हातच्या भाकरी मोडायलायस. आल्या आल्या माणसाच्या पोटावर पाय दिलास. तुझ्या दाजींची गावात इज्जत गेली तर ती काय तुझ्या पेटीतून काढून देतोस का? बस खाली."

"अगं ताई, माझी पँट..."

"पँट धुऊन देते. बस."

तो बसला. गोणपाटावर, चारी केस समोर, गोणी मांडीशी. मी खडू घेतला आणि त्याच्याभोवती गोल काढला. दहा फुटांचा नाही, लहानच. पण काढला. चाचा ट्रेडलमागं तोंड लपवून इतकं हसले की मशीनचा ताल चुकला आणि एक पत्रिका नवऱ्याच्या नावाविना छापून गेली.

ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड. मी खुर्चीवर बसून एका बोटानं कळा हुडकत लेटरहेड करायचो, आणि तो खाली खिळे उन्हाकडे धरून बघायचा. उलटा 'भ' त्याला 'म' वाटायचा, 'घ' हा 'ध' वाटायचा. मी खाली न बघता आवाजावरून ओळखायचो. खोटं वाटेल, पण घरात पडताना प्रत्येक खिळ्याचा आवाज वेगळा असतो.

"इंजिनिअर, तो 'ध' चुकला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू आलं. काढा."

"खिळेवाले, माणुसकी ठेवा जरा..."

"माणुसकी पाचव्या ओळीत हाय, वरून डावीकडं. आधी 'ध' काढा."

पहिल्या दिवशी तो मला शिव्या देत होता. दुसऱ्या दिवशी नशिबाला. तिसऱ्या दिवशी गप्प झाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की खिळे पडायचा आवाज बदललाय. तो आता थांबत नव्हता. उलटं अक्षर उलटंच वाचून सरळ घरात टाकत होता, डोळे अर्धे मिटून. बोटं काळी. एक खिळा धरून तो स्वतःशीच म्हणाला, "हा जोडाक्षराचा वेगळा आहे की. कुणी बनवला असेल?" मला ते आवडलं नाही. सूड घेताना समोरच्याला काम आवडायला लागलं की माणूस फसतो. मी त्याला उरलेले स्वल्पविराम निवडायला दिले.

लेटरहेड वेळेत गेले. गोणी रिकामी झाली. इंजिनिअर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं शहराला गेला. जाताना 'मेनू नंतर बघतो' म्हणाला. मी साडेचारशे घरांवरून हात फिरवला. सगळं जागच्या जागी. जिंकलो.

आठ दिवसांनी एका सकाळी चुडाव्याहून आलो तर चारी केस नाहीत.

"पाथरीच्या छापखान्यानं घेतल्या," मालक सुपारी कातरत म्हणाले. "जीपवर गेल्या. मिसळलेले खिळे भंगाराच्या भावानं जातात बाबा, लावलेले असले की छापखान्याच्या भावानं. मेव्हण्यानं झकास लावले हां. तूच बसवलंस त्याला. हुशार हायस."

ज्या खिळ्यांसाठी मी सूड घेतला ते माझ्याच सुडानं विकण्याजोगे झाले. ओतणाऱ्यानं ओतले, लावणाऱ्यानं लावले, आणि ज्यानं दारात उभं राहून सुपारी कातरली त्याला मी तोवर मोजलंच नव्हतं.

"आता तू संगणकावर बस," ते म्हणाले. "आन् ते पट्ट्यांचं एकदा काढून टाक. बाजूच्या टायपिंग क्लासला पोरी शिकायल्यात, निम्म्या पगारात येतेत. पण त्यांना हे दिसत न्हाई म्हणतेत."

म्हणजे पट्ट्या गेल्या की मीही गेलो. मी खिशातला भज्यांचा कागद चाचपला. "मालक," मी म्हणालो, "हे लय अवघड हाय. शहरातल्या इंजिनिअरला जमलं न्हाई, मी काय करावं?"

नवं दुखणं, नवा शत्रू. दहा महिने मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचो, लुंगी धावू द्यायचो, वर दहा, खाली एक, एंटर. मी रजेवर गेलो की छापखान्यात त्या दिवशी मराठी निघायचंच नाही. एकदा मुद्दाम तीन दिवस तापाचं सोंग करून चुडाव्याला ओसरीवर पडून राहिलो. मालक स्वतः स्टेशनवर उतरून चालत आले, हातात सफरचंदं. मी कण्हत कण्हत चार खाल्ली. चाचांनी सांगितलं की त्या तीन दिवसांत मालकांनी पडद्याला अगरबत्ती ओवाळली. चाचा माझ्यासारखे थापाडे नाहीत, म्हणून लिहितो.

पण पाथरीला मात्र गेलो नाही. गाडीत बसलो दोनदा, आणि दोन्ही वेळा मधेच उतरलो.

दिवाळीत इंजिनिअर भाऊबिजेला आला. ओवाळून झाल्यावर खाली छापखान्यात आला, सुट्टीमुळं मी एकटाच होतो. शर्ट पांढरा होता. केस ठेवायच्या जागेकडे बघून थांबला.

"कुठं गेल्या?"

"पाथरीला. तुमी लावल्या, दाजींनी विकल्या."

त्यानं केसच्या जागी उरलेल्या धुळीतून बोट फिरवलं. "चार दिवस," मग म्हणाला. "पंधरा दिवस माझ्या बोटांचा काळा रंग जात नव्हता. ऑफिसात लोक विचारायचे. आणि त्यांनी विकल्या? मला एका शब्दानं न सांगता?"

"मलाबी न्हाई."

त्यानं बटण दाबलं. पट्ट्या धावल्या. तो खुर्ची ओढून बसला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "खरं सांगा, काय आहे हे? मी तिकडं सगळं तपासलं. तुम्हाला माहितेय. मी तुमच्या तोंडावर बघितलं होतं तेव्हाच."

सांगावं की नाही? या माणसानं माझं जे केलं ते मी विसरलो नव्हतो, आजही नाही. पण माझा खरा हिशेब आता माडीवर फराळाला बसला होता. मी खिशातून तेलकट कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. तो त्यानं मागच्या बाजूनं, उलटा, सरळ वाचून काढला. मग कपाळावर हात मारला.

"एकशे बत्तीस. माझीच ओळ."

"तुमचीच."

"दोन मिनिटांत होईल." त्याचा हात कीबोर्डवर गेला, आणि तिथंच थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. "हे झालं की तुम्हाला ठेवतील?"

मी नकारार्थी मान हलवली. तो हसला. त्याच्या त्या हसण्यात बहिणीचं पिठाचं भांडं दिसलं मला. त्यानं यंत्र बंद केलं, कागद घडी करून माझ्याच खिशात ठेवला आणि मला हाताला धरून वर फराळाला घेऊन गेला.

पाटावर मालक बसले होते. "काय, बघितलं का ते पट्ट्यांचं?"

"बघितलं दाजी." इंजिनिअरनं चिवड्याचा घास घेतला, सावकाश चावला. "पडद्याच्या पोटातला दोष आहे. कुणालाही दुरुस्त होणार नाही. नवीन पडदा आणलात तरी पेटीशी जमणार नाही. हा माणूस आहे तोवर तुमचं मराठी चालेल. ह्याला सोडू नका. पगार वाढवून ठेवा म्हणेन मी."

मालकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "वाढवून?"

"नाहीतर नांदेडवाले नेतील ह्याला."

मालकीणबाई शेवेचं ताट घेऊन आत येत होत्या. त्यांनी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मी कधी विचारलं नाही. शेव वाढायच्या आधी त्यांनी नवऱ्याच्या ताटातली एक करंजी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली.